फनस्कूलचे जुने जवान आणि मराठा पलटणीचा नाईक

प्रश्न थोडक्यात असा आहे: मामाकडून फनस्कूल या खेळणी कंपनीच्या जुन्या जी. आय. जो फिगर्सचा (खेळण्यातल्या जवानांचा) खोका मिळाला, तीसेक नग. निम्म्यांची कंबर लटकते, काहींचे अंगठे तुटलेत. त्यातला एक रंगवून दाखवला (सांध्यांपाशी त्याचा रंग उडालाय), तर जुन्या जाणत्यांनी ‘चांगला माल वाया घालवलास’ म्हणून झापलं. शिवाय दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकाची बारा इंची फिगर घेतली आहे. तिचा 1944 सालचा, इटलीत लढणारा मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक (हवालदाराखालचा हुद्दा) करायचा आहे. सुरुवात कुठून करू, आणि रंगवलं ते खरंच चुकलं का?

शेवटचं आधी. चुकलं नाही. फिगर तुमची होती, आणि रंगवल्याशिवाय कुणाचाही हात बसत नाही. ज्यांनी झापलं त्यांच्या म्हणण्यात एकच मुद्दा घेण्यासारखा आहे: कुठल्या नगाला हात लावायचा हे आधी ठरवायला हवं होतं. तो मुद्दा न दुखावता सांगता आला असता. आता तो नीट सांगतो.

खोका पूर्ण उपडा करा आणि तीन वाटे करा. पहिल्यात रंग शाबूत, अंगठे शाबूत, सांधे न चिरलेले नग. दुसऱ्यात रंग बरा, पण कंबर सैल किंवा आतली रबरी रिंग तुटलेले. तिसऱ्यात अंगठा गेलेले, कोपर फुटलेले, नाकाचा आणि केसांचा रंग घासून उडालेले. कलाकुसर करायची ती तिसऱ्या वाट्यावर. दुसऱ्याची फक्त दुरुस्ती. पहिल्याला साबणाचं पाणी सोडून काही लावायचं नाही. शस्त्रं, हेल्मेट, पाठीवरच्या बॅगा, पॅकिंगचे कार्ड, त्यावरून कापलेली माहितीची चौकोनी चिठ्ठी, जे सापडेल ते झिपच्या पिशवीत त्या त्या फिगरसोबत ठेवा. चिठ्ठी फाटकी असली तरी टाकू नका.

फनस्कूलच्या नगांकडे ‘आपल्याकडचं स्वस्तातलं’ म्हणून पाहण्याची सवय अजून गेलेली नाही, म्हणून थोडं मागचं सांगणं भाग आहे. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने 1964 साली बारा इंची जी. आय. जो बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत या धास्तीने त्याला ॲक्शन फिगर म्हटलं गेलं आणि तेच नाव पुढे सगळ्या प्रकाराला पडलं. 1982 साली तोच जो पावणेचार इंचांचा होऊन परत आला. पहिल्या वर्षीच्या फिगर्सचे हात दंडात फिरत नसत. 1983 पासून कोपराच्या वर फिरणारा सांधा आला आणि 1985 पासून मान सगळीकडे वळू लागली. आपल्याकडे एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीत 1987 साली फनस्कूल सुरू झाली. तिचा एक कारखाना गोव्यात आहे. हॅस्ब्रोच्या साच्यांतून इथे निघालेल्या कित्येक फिगर्सचे रंग अमेरिकन नगांपेक्षा वेगळे आहेत. कुठे शर्टाची छटा निराळी, कुठे केस निराळे. या फरकासाठीच परदेशातले संग्राहक त्या शोधत असतात. म्हणून ‘रंग चुकीचा दिसतोय’ असं वाटून मूळ अमेरिकन फोटोप्रमाणे ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. तो फरक हीच त्या नगाची ओळख आहे.

कंबरेच्या मागे बारीक अक्षरांत एखादं साल दिसेल. ते बहुधा साच्याच्या हक्काचं साल असतं, तुमचा नग तयार झाला त्या वर्षाचं नव्हे. नवखा विक्रेता तेच साल लिहून बसतो आणि त्याच्यावर फसवणुकीचा आळ येतो. असं दिसलं तर त्याला एकट्याला गाठून समजावून सांगावं. दहा जणांसमोर चूक काढली की तो माणूस पुन्हा विचारायलाच येत नाही.

आता लटकणारी कंबर. या फिगर्सचं धड आणि पाय एका काळ्या रबरी रिंगने एकत्र धरलेले असतात. पायांच्या वरच्या टोकाला धातूचा छोटा आकडा असतो. रिंग त्या आकड्यात अडकते, कंबरेच्या तुकड्यातून वर जाते आणि छातीच्या पोकळीत स्क्रूच्या खुंटीवर बसते. तीसपस्तीस वर्षांत रबर कडक होतं, भेगाळतं आणि एक दिवस तुटतं. फिगर फुटलेली नसते, फक्त हा ताण गेलेला असतो. त्यामुळे निम्मा खोका एका संध्याकाळी उभा राहू शकतो.

पाठीवरच्या स्क्रूला घड्याळजीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लावा, शून्य नंबरचा. टोक खाचेत पूर्ण बसलं पाहिजे; लहान टोक घातलं तर खाच गोल होते आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. गंजून बसला असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईने सोडून रात्रभर ठेवा. उघडताना फिगर ताटात धरा, कारण पाठ सुटली की डोकं आणि दोन्ही हात एकदम मोकळे होतात. जुन्या रिंगचे तुकडे जपून ठेवा, त्यांची जाडी व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) मोजता येते. त्या जाडीच्या आसपासच्या, दोन-तीन वेगवेगळ्या व्यासांच्या रिंगा पाच-पाच आणा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत, आणि कुठल्याही गावात नळाचं किंवा पंपाचं सामान विकणाऱ्याकडे ओ-रिंग मिळतात. रिंग जाड झाली तर धडाचे दोन अर्धे एकमेकांना टेकत नाहीत. अशा वेळी स्क्रू आवळून फट मिटवायला गेलात तर कंबरेचा तुकडा मधोमध चिरतो, आणि ती चीर कायमची. रिंग ढिली झाली तर फिगर उभी राहते पण हात उचलला की मागे कलंडते. बरोबर माप कसं ओळखायचं? पाय खाली ओढून सोडले की कंबर टक्कन जागेवर आली पाहिजे, आणि बसवलेली फिगर बसलेलीच राहिली पाहिजे.

जोडताना आकड्यात रिंग घाला, तिच्या वरच्या टोकात दोऱ्याचा फास अडकवून तो कंबरेच्या भोकातून वर खेचा, रिंग खुंटीवर चढवा आणि मग दोरा कापून काढा. चिमट्याने खेचलं तर रबराला ओरखडा पडतो आणि पुढची तूट तिथूनच सुरू होते. डोकं आणि हात खोबणीत ठेवून पाठ मिटवा. स्क्रू लगेच आवळू नका. आधी उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेने, हळू फिरवा. एका जागी तो किंचित खाली पडल्यासारखा जाणवेल. जुने आटे तिथे सुरू होतात. तिथून सरळ फिरवला की तो त्याच आट्यांत बसतो. नाहीतर दर वेळी प्लॅस्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि तीन-चार उघडझापींत भोक मोठं होतं. बोटाच्या जोरावर थांबला की थांबायचं.

अंगठे तुटतात ते जवळजवळ नेहमी शस्त्र घालताना. जुनं कडक प्लॅस्टिक आणि वर मुठीत थोडी जाड बंदूक. हात आधी अर्धा-एक मिनिट कडकडीत गरम पाण्यात बुडवा (उकळत्या नव्हे), मग मूठ बाजूने सरकवत आत घाला, वरून दाबू नका. काढतानाही तेच. फिगर कुरिअरने पाठवायची असेल तर शस्त्र हातातून काढून वेगळ्या पिशवीत द्यावं. वाटेत बसलेला धक्का सरळ अंगठ्यावर येतो.

तुटलेला अंगठा सापडला असेल तर नुसत्या सुपरग्लूने चिकटवलेला आठवडाभरही टिकत नाही, कारण चिकटणारी जागा दीड-दोन मिलिमीटरची असते. हातड्रिलने 0.4 किंवा 0.5 मिलिमीटरचं भोक दोन्ही तुकड्यांत पाडा, तितक्याच जाडीची गिटारची तार तीन मिलिमीटर कापून आत घाला आणि मग टाचणीच्या टोकावर घेतलेला ग्लूचा ठिपका लावा. ग्लू भरपूर लावला की त्याची वाफ बसून भोवतालच्या रंगावर पांढरी बुरसट झाक येते. अंगठा हरवलाच असेल तर त्याच तारेवर इपॉक्सी पुट्टीने नवा घडवता येतो. आपल्याकडे सहज मिळणारी एम-सील दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा आणि ती ताठर होण्याआधी आकार द्या. बोटं ओली ठेवलीत तर चिकटत नाही. तिचा दाणा जरा भरड असल्याने नाकडोळ्यांच्या कामाला ती बरी नाही, पण अंगठा, बुटाची टाच, बॅगेचा फुगवटा हे छान होतं. दुसऱ्या दिवशी 400, मग 800 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा.

साफसफाईला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश एवढंच लागतं. स्क्रू काढूनच धुवा, नाहीतर आतून गंज धरतो. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर लावलात तर प्लॅस्टिकच वितळेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल प्लॅस्टिकला चालतं, पण छापलेली चिन्हं आणि भुवया पुसून टाकतं. पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या नगांसाठी लोक पार्लरमधलं पेरॉक्साइडचं क्रीम लावून उन्हात ठेवतात. पिवळेपणा जातो, पण बरेचदा परत येतो, आणि रंगीत भागावर लागलं तर तिथे पांढरट डाग पडतो. मामांच्या आठवणीचा नग असेल तर पिवळा राहू द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. मऊ पीव्हीसीची डोकी, बूट आणि पट्टे काही वर्षांनी चिकट लागतात. त्यात मिसळलेला मऊपणा देणारा द्रव बाहेर येत असतो. साबणाने पुसलं की काही महिने निभतं. असा चिकट भाग दुसऱ्या कडक प्लॅस्टिकला, विशेषतः पॉलिस्टायरीनच्या डब्याला टेकून ठेवलात तर तो त्या प्लॅस्टिकला अक्षरशः चरतो, दोन्हींवर खड्डे पडतात. मध्ये बटर पेपर ठेवा. बारा इंची फिगर्सच्या कृत्रिम चामड्याच्या जॅकेटांचे पापुद्रे दमटपणाने सुटतात. त्यावर इलाज नाही, फक्त लांबवता येतं: सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा तापवून कोरड्या केलेल्या, आणि पूर्ण हवाबंद न केलेला डबा. रबरबँड कशालाही गुंडाळू नका. तो वितळून प्लॅस्टिकवर तपकिरी पट्टा सोडतो आणि तो निघत नाही.

रंगाबद्दल. तुमच्या पहिल्या फिगरचा रंग सांध्यांपाशी उडाला, असं तुम्ही लिहिलंत. ते प्रत्येकाचं होतं. सांध्यात दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. वर रंगाचा थर चढला की जागा अपुरी पडते. रंगवण्याआधी सांधा उघडून आतली कड 800च्या पॉलिश पेपरने अगदी थोडी उतरवा, आणि आतल्या बाजूला रंग लावूच नका. दिसणाऱ्या भागावर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग, दुधाइतका पातळ केलेला, तीन ते चार हात. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. एकच जाड हात दिला तर चेहऱ्याचं कोरीवकाम बुजतं. डोळ्यांच्या कडा आणि ओठ यांची खोली दोन दशांश मिलिमीटरसुद्धा नसते. मऊ पीव्हीसीवर स्प्रेच्या डब्यातला प्रायमर मारू नका. कित्येक स्प्रे त्यावर कधीच वाळत नाहीत, वर्षभरानेही बोटाला चिकटतात. तिथे ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घ्या. मॅट वार्निशचा स्प्रेही जून ते सप्टेंबर बंद ठेवा. हवेत दमटपणा असला की वार्निशमध्ये पाणी अडकतं आणि काळी टोपी राखाडी दिसू लागते. पावसात ब्रशने लावायचं वार्निश वापरा.

आता नाईक. हा विषय तुम्ही निवडलात याचा आनंद आहे, कारण तो आपल्या अगदी जवळचा आहे आणि बाजारात तयार मिळण्याची फारशी शक्यता नाही. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटे पुढे धावले, ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा दोघांनाही गप्प केलं, एकाला टॉमी गनने (हातातल्या थॉम्पसन सबमशीनगनने) टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांशी लढले. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. रायगड जिल्ह्यातल्या माणगावला त्यांचा पुतळा आहे.

एक विनंती. फिगरला त्यांचं नाव द्यायचं असेल तर चेहरा त्यांच्या छायाचित्राशी ताडून करा. ते जमणार नसेल तर ‘तिसऱ्या बटालियनचा एक नाईक’ एवढंच लिहा. त्यांच्या गावातले, पलटणीतले लोक तो फोटो पाहू शकतात हे ध्यानात ठेवून काम करायचं.

इटलीत जुलै म्हणजे उन्हाळा, म्हणून तुमच्या फिगरच्या अंगावरचा जाड लोकरी बॅटलड्रेस उतरवा. तो जपून ठेवा. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या शिपाई नामदेव जाधवांच्या पहिल्या बटालियनचा हिवाळ्यातला जवान करायला उपयोगी पडेल. उन्हाळ्यासाठी खाकी ड्रिलचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, शर्ट हवा. खरं ड्रिल इथे चालत नाही. बारा इंची फिगर म्हणजे सहापट लहान माणूस, आणि कापड सहापट पातळ मिळत नाही, त्यामुळे साधं शर्टाचं कापडसुद्धा अंगावर पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. जुना, खूप धुतलेला मलमलचा किंवा पातळ पॉपलिनचा तुकडा घ्या. नवं कापड असेल तर दोनदा गरम पाण्यात धुऊन कांजी घालवा. टीप जेवढी बारीक जमेल तेवढी. खऱ्या शर्टाची अडीच मिलिमीटरची टीप सहापट लहान केली तर 0.4 येते, ते कुठल्याच मशीनला जमत नाही. 1 मिलिमीटर, 9 नंबरची सुई आणि सर्वांत बारीक दोरा एवढ्यावर समाधान माना, आणि जिथे शिवण दिसते तिथे शक्य तर कापडाचा गोंद वापरा. बटणं दोन मिलिमीटरची. पातळ प्लॅस्टिकच्या शीटमधून पंचने पाडलेल्या टिकल्या त्या मापाला बऱ्या.

खाकी फार कोरी दिसत असेल तर एक कप पाण्यात दोन चमचे चहा पावडर उकळून, गाळून, कापड त्यात दहा मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्याने खळबळून घ्या. वाळल्यावर शर्ट फिगरला चढवून पाण्याचा फवारा मारा, कोपराला आणि कंबरेला बोटांनी चुण्या पाडा, त्यावर दोरा सैलसर गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. चुण्या बसतात. धूळ दाखवायला पेस्टल खडूची पूड कोरड्या ब्रशने लावा. कोकणातली तांबडी माती नको. कोरड्या उन्हाळ्यातली धूळ खाकीपेक्षा फिकट दिसते, ती गुडघे, बुटाची टोकं आणि बॅगेची वरची बाजू इथे जास्त, छातीवर कमी.

मापं ताडून घ्यायला व्हर्नियर हाताशी ठेवा. 1937 पॅटर्नच्या वेबिंगचा (जवानाच्या अंगावरच्या विणलेल्या पट्ट्यांच्या संचाचा) कंबरपट्टा सव्वादोन इंच रुंद, म्हणजे सहाव्या भागात साडेनऊ मिलिमीटर. खांद्यावरून जाणारा पट्टा एक इंचाचा, खांद्यावर दोन इंच होतो. म्हणजे चार आणि साडेआठ मिलिमीटर. मार्क टू हेल्मेट सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाचं दिसलं पाहिजे. घाडग्यांच्या हातात टॉमी गन होती. 1928 च्या प्रकारातली असेल तर सहाव्या भागात सव्वाचौदा सेंटिमीटरच्या आसपास, एम-1 असेल तर साडेतेरा. सेक्शनमधल्या इतरांसाठी ली-एनफिल्डची क्रमांक एक मार्क तीन रायफल करायची तर ती पावणेएकोणीस सेंटिमीटर. स्वस्त फिगर्ससोबत येणाऱ्या बंदुका एक-दोन सेंटिमीटरनी लांब किंवा जाड असतात आणि सगळं बरोबर असूनही फिगर खेळण्यासारखी दिसते ती यामुळे. नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती. एक फीत लान्स नाईकची, तीन हवालदाराच्या. खांद्यावरची डिव्हिजनची चिन्हं त्या बटालियनचं, त्या काळातलं छायाचित्र हाती आल्याशिवाय लावू नका. बिनचिन्हाची बाही चुकीच्या चिन्हापेक्षा कधीही बरी. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात इटलीतल्या भारतीय सैनिकांची छायाचित्रं आहेत, आणि रेजिमेंटचं केंद्र आपल्या बेळगावला आहे.

उंचीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. बाजारातल्या बारा इंची फिगर्स साधारण 30 सेंटिमीटरच्या, म्हणजे 180 सेंटिमीटर उंच माणसाच्या. साडेपाच फुटी जवान हवा तर 28 सेंटिमीटर पुरेत. नडगी कापायला जाऊ नका. आतला सांधा हातचा जातो. थोड्या बुटक्या बांध्याचं शरीर वेगळं मिळत असेल तर ते घ्या, नाहीतर पाय बुटात खोल बसवा आणि गुडघे थोडे वाकवून धावण्याच्या पवित्र्यात उभा करा. त्यात उंची झाकली जाते आणि प्रसंगालाही तेच शोभतं.

चेहरा. डोकं ओढून काढू नका, मानेची खुंटी मोडते. दोन मिनिटं गरम पाण्यात धरलं की मऊ होऊन सुटतं. त्वचेचा रंग तपकिरीत पांढरा घालून करू नका, चेहरा मातकट, निर्जीव होतो. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर मिसळून पाया करा, पांढरा अगदी नावाला. सावलीला काळा नको, बर्न्ट अंबर पातळ करून डोळ्यांखाली, नाकपुडीच्या कडेला, गळ्यावर. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं उन्हाने रापलेली, थोडी तांबूस. डोळ्याचं पांढरं शुद्ध पांढरं ठेवलं तर फिगर दचकलेली दिसते. त्यात त्वचेच्या रंगाचा थेंब मिसळा. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं हवं, खाली किंचित पांढरं दिसलं तरी चालेल, वर दिसता कामा नये. मिशी शेवटी, 0 नंबरच्या ब्रशने, एकेक रेघ खाली ओढत. हात कापत असेल तर दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवा आणि श्वास सोडताना रेघ ओढा.

बदल शक्यतो परत फिरवता येतील असे करा. मूळ डोकं रंगवण्याऐवजी सुटं डोकं घ्या, शर्ट अंगाला चिकटवू नका, पट्टा पाठीमागे टाक्यांनी जोडा. उद्या तुम्हाला किंवा तुमच्यानंतर ज्याच्याकडे ती जाईल त्याला काही वेगळं करायचं असेल तर वाट मोकळी राहते. तुम्हाला झापणाऱ्यांची खरी काळजीही बहुधा हीच असावी.

आणि हाच विचार देवाणघेवाणीत करायचा. कुठल्याही नगात दुसऱ्या फिगरचा हात, नवी रिंग, जोडलेला अंगठा, साच्यातून पाडलेली नकल असं काही असेल तर विकताना पहिल्याच ओळीत लिहा. स्वतः साच्यातून पाडलेल्या भागावर आतल्या बाजूला सुईने खूण कोरा. कस्टम, म्हणजे स्वतः बदल केलेल्या, फिगरच्या तळपायाला नाव आणि साल लिहा. यात तीन मिनिटं जातात, आणि पाच वर्षांनी एखाद्या शाळकरी मुलाचे साठवलेले पैसे वाचतात. घरातलं माणूस गेल्यावर खोका विकायला आलेल्या माणसाला किंमत माहीत नसेल, तर ती आधी सांगा आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवा. त्याच्या अज्ञानावर कमावलेला नग कपाटात कधी नीट दिसत नाही.

कुणी नवखा फोटो दाखवील तेव्हा त्याने जे विचारलं असेल त्याचंच उत्तर द्या. त्यात जमलेलं एक सांगा आणि पुढच्या वेळी करायची एकच दुरुस्ती सांगा. एकदम आठ चुका सांगितल्या तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘हे काय केलंस’ ऐवजी ‘याखालचा मूळ रंग शाबूत आहे का’ असं विचारलं की तो स्वतःच पुढचा नग उचलताना थांबतो. घरी कुणाचं मूल आलं तर हाताळायला देण्यासाठी तिसऱ्या वाट्यातले दोन-तीन मजबूत नग वेगळे ठेवा. ‘हात लावू नकोस’ म्हणण्यापेक्षा ते सोपं जातं.

हात बसला की कामं मागायला लोक येतात, आणि त्यांत आजोबांचा किंवा वडिलांचा जवान करून द्या म्हणणारे असतातच. साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे घराघरांत पलटणीतला एखादा फोटो भिंतीवर असतो. अशा कामात आधी मुदत आणि खर्च लिहून द्या, त्या काळातले निदान दोन फोटो मागा, हुद्दा आणि पलटण कागदावर ताडून घ्या. जे पदक त्यांना मिळालं नव्हतं ते ‘शोभून दिसेल’ म्हणून लावू नका, घरच्यांनी आग्रह केला तरी. चेहऱ्याचा शेवटचा हात देण्याआधी त्यांना दाखवा. ‘डोळे आणखी थोडे बारीक होते’ असं एखादी आजी म्हणेल, आणि ती माहिती कुठल्याच फोटोत नसते.

तुमच्या खोक्यासाठी क्रम असा ठेवा: आधी दुसऱ्या वाट्यातला सगळ्यात साधा नग उघडा, त्याची रिंग बदला, मग बाकीचे. रिंगा उरतील. पाच-पाचच्या पुड्या करून त्यावर व्यास आणि जाडी लिहून ठेवा. कंबर लटकलेला एक तरी जवान जवळपास कुणाकडे असतोच, आणि त्याला योग्य माप आयतं मिळतं. रंगवलेल्या त्या पहिल्या नगाच्या तळपायावर तुमचं नाव आणि साल लिहून टाका, आणि मामांना दाखवा.